दोनदा निवडलेला सुपरचार्जर

डायलिसिस विभागातल्या जुन्या पेशंटना मॅगी तुस्कानो दिसण्याआधी ऐकू यायची. सकाळच्या शिफ्टला खाली पार्किंगमध्ये तिच्या मस्टँगचं इंजिन एकदा गुरगुरून शांत झालं, की मशीनला जोडलेले बहरीनी म्हातारे एकमेकांकडे बघून हसायचे. सिस्टर मॅगी आली, आता सुया न दुखता लागणार. पेशंटबरोबर नव्याने आलेल्या नातेवाइकांना मात्र ती गाडी एखाद्या सर्जनची वाटे. गर्द निळा रंग, लांबलचक बॉनेट, मागची चाकं चांगली हातभर रुंद. तिच्यातून चष्मा लावलेली, अंबाडा घातलेली, पांढऱ्या बुटांतली पंचावन्न वर्षांची बाई उतरली, की ते गाडीच्या आत वाकून बघत. चालवणारा कुठे गेला?

तिचा नवरा लेस्टर एका मोठ्या हॉटेलात पेस्ट्री शेफ. माणूस मुळात भित्रा. साखरेचा पाक एक तारी झाला की दोन तारी, एवढाच धोका त्याने आयुष्यात राजीखुशीने पत्करला होता. मॅगीच्या शेजारी बसलं की त्याचा उजवा हात आपसूक दरवाज्यावरच्या कडीकडे जाई. तरी दर शुक्रवारी चर्चमधला मिस्सा संपला की तो निमूटपणे तिच्याबरोबर त्या गाडीत बसायचा, कारण गाडी चालवताना मॅगीचा चेहरा बघणं त्याला फार आवडे.

मॅगी वसईकडच्या नंदाखालची. तिचे वडील भाजी आणि फुलं टेम्पोत भरून पहाटे दादरला न्यायचे. एका वर्षी त्यांचा खांदा जायबंदी झाला, आणि दोन्ही भावांना गाडीचं वेड नव्हतं. सतरा वर्षांची मॅगी स्टिअरिंगवर बसली. घराकडची गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो उलटाच आत घ्यावा लागे. "मी रिव्हर्स आधी शिकले, पुढे जायला नंतर," असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. पुढे नर्सिंग झालं, बहरीनची नोकरी आली, पापडीच्या लेस्टरशी लग्न झालं, सनद नावाच्या वस्तीत घर झालं, मुलगी ग्लेनिस शिकून टोरांटोला गेली. इतक्या वर्षांत मॅगीने चालवल्या त्या सगळ्या साध्या, पांढऱ्या, जपानी गाड्या. मनातलं ती कुणाला बोललीही नाही.

मग एकदा जुफेरमधला एक अमेरिकन गृहस्थ देश सोडून चालला होता, म्हणून घरातलं सामान विकत होता. मॅगी त्याचं वॉशिंग मशीन बघायला गेली. मशीन बघून झालं, गळत होतं. बाहेर शेडखाली ही मस्टँग उभी होती. त्याने किल्ली दिली. मॅगी एक फेरी मारून आली आणि तिथूनच तिने लेस्टरला हॉटेलात फोन लावला.

"लेस्टर, मशीन काही बरं नाही."

"मग राहू दे. दुसरं बघू."

"हो. पण मी गाडी घेतेय."

लेस्टरच्या हातात तेव्हा क्रीमची पिशवी होती. त्याने एवढंच विचारलं, "तू हसतेयस का?" ती हसत होती. "मग घे," तो म्हणाला.

थंडीच्या दिवसांत साखिरच्या सर्किटवर संध्याकाळी कुणालाही आपली गाडी पळवून बघता येते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, सरळ पाव मैल. संपलं. मॅगी आधी नुसती बघायला गेली, पुढच्या खेपेला हेल्मेट घेऊन गेली. तिथे तिला सुमय्या भेटली. तिशीतली बहरीनी मुलगी, दिवसभर बँकेत बसणारी, आणि संध्याकाळी काळी कमॅरो पळवणारी. दोघींची गट्टी जमली. पण दर शर्यतीत एकच व्हायचं. अर्ध्या अंतरापर्यंत मॅगी बरोबरीने असायची, तिथून पुढे सुमय्या कुणीतरी मागून ढकलल्यासारखी निघून जायची.

"तिच्या गाडीत सुपरचार्जर आहे," मॅगीने एकदा जेवताना सांगितलं.

"म्हणजे काय?"

"इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. आपलं इंजिन नाकाने ओढेल तेवढीच हवा घेतं. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. तो हवा दाबून आत भरतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त."

लेस्टरने माशाचा काटा बाजूला काढला. "आहे तो जोर कमी पडतो तुला?"

मॅगीने प्रश्न टाळला नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, "रोजच्याला नाही पडत. पण ही गाडी काय करू शकते, ते मला बघायचंय. एकदा तरी."

तुबलीच्या खाडीजवळ गॅरेजांची रांग आहे. त्यात हारून नावाच्या बहरीनी माणसाचं गॅरेज फक्त असल्याच गाड्यांचं. हारूनचं हिंदी मॅगीच्या हिंदीइतकंच मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. त्याने तिला चहा दिला, एका जुन्या टायरवर फळी टाकून बसवलं आणि समजावलं. सुपरचार्जर मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक इंजिनाच्या डोक्यावर बसतो, त्यात दोन मोठे स्क्रू एकमेकांत फिरतात. पाय दाबला की त्याच क्षणी जोर. दुसरा पुढे बाजूला बसतो, दिसायला शंखासारखा. त्याचा जोर सुरुवातीला बेताचा, इंजिनाचा वेग जसा चढेल तसा वाढत जातो.

"चांगला कुठला?" मॅगीने विचारलं.

"सिस्टर, माझ्या गाडीत पहिला आहे, सुमय्याच्या गाडीत दुसरा. आम्ही दोघं पाच वर्षं यावर भांडतोय," हारून म्हणाला. "एक सांगतो. पहिला इंजिनावर बसतो, म्हणून तापतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे."

मॅगीने घाई केली नाही. त्या अख्ख्या हिवाळ्यात ती ज्याच्या त्याच्या गाडीत बसून आली. ज्याला विचारावं तो आपलीच निवड कशी बरोबर हे सांगायचा. मॅगी पेशंटचं गाऱ्हाणं ऐकावं तसं शांतपणे ऐकायची, मध्ये एखादाच प्रश्न. उन्हाळ्यात दुपारी कशी चालते? सिग्नलला थांबून निघताना कशी? पट्टा किती दिवसांनी बदलावा लागतो? सुमय्याने तर तिला स्पष्टच सांगितलं, "मॅगी, तू रोज हॉस्पिटलला हीच गाडी नेतेस. ऑगस्टमध्येसुद्धा. माझ्यासारखा घे." मॅगीचंही जवळजवळ ठरलं होतं.

शेवटी एका शुक्रवारी हारूनने स्वतःच्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. लेस्टर शेजारी बसला. झल्लाकच्या बाजूचा रस्ता रिकामा होता. मॅगीने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की लेस्टरचं डोकं सीटला चिकटलं. त्याने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्याला हसू ऐकू आलं. मॅगी हसत होती, खळखळून, तोंड उघडं टाकून. हे हसू लेस्टरने फार वर्षांत ऐकलं नव्हतं. ग्लेनिस परदेशी गेल्यापासून तर नाहीच. त्याने डोळे उघडले. भीती होतीच, पण तिच्याकडे बघताना ती जरा मागे सरकली.

परत गॅरेजशी आल्यावर मॅगी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. "डोकं म्हणतं सुमय्याचा," ती म्हणाली.

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणते ते तू ऐकलंस ना आत्ता."

"मग हाच घे," लेस्टर म्हणाला. गाडीच्या बाबतीत त्याने दिलेला हा पहिला आणि एकमेव सल्ला.

हारूनने तो बसवला. मॅगी सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये उभी राहून बघायची आणि पाना मागितला की हातात द्यायची, ऑपरेशनमध्ये सर्जनला कात्री द्यावी तसा, बरोबर दांड्याच्या बाजूने. हिवाळ्याचे उरलेले दिवस सोन्यासारखे गेले. सकाळी गार हवेत सनदहून निघताना मॅगी लेस्टरला हॉटेलच्या दारात सोडायची, आणि तिथला दरबान सलाम लेस्टरला न करता गाडीला करायचा.

मग उन्हाळा आला. जूनमध्ये मॅगीला काहीतरी खटकलं. जुलैत एका दुपारी दोघं घरी परतत होती. हायवेवर शिरताना मागून ट्रक येत होता. मॅगीने पाय दाबला. गाडीने ऐकलं, पण अनिच्छेने, दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. दुसऱ्याच दिवशी मॅगीने गाडी हारूनकडे नेली.

हारूनने लॅपटॉप जोडून बघितलं. इंजिन काही बिघडलं नव्हतं. आत जाणारी हवा इतकी तापत होती, की इंजिनाला इजा होऊ नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आपणहून जोर कमी करत होता. "हवा थंड करणारा रेडिएटर मोठा बसवू," हारून म्हणाला. "फरक पडेल, इंशाल्ला." तो बसवला. फरक पडला, पण अर्धाच.

ऑक्टोबर उजाडला, तरी बहरीनमधला उकाडा काही गेला नव्हता. साखिरला मोसमातली पहिली संध्याकाळ होती. मॅगीची पहिली धाव अशी झाली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रांगेत बराच वेळ थांबावं लागलं. दुसरी धाव ठीकठाक. तिसऱ्या वेळी सुमय्या अर्ध्या वाटेतच पुढे निघून गेली. त्याच्या पुढच्या फेरीत काहीही बदल न केलेली एक गाडीसुद्धा मॅगीच्या पुढे गेली.

ती परत आली तेव्हा ओळखीची माणसं गोळा झाली. सगळ्यांना तिच्याबद्दल जिव्हाळा, म्हणून जो तो एकेक कारण पुढे करू लागला. पेट्रोल बरं नसेल. आज दमट हवा आहे. रांगेत फार उभं केलं त्यांनी. हारून तर स्वतःलाच दोष द्यायला लागला, की कॉम्प्युटरचं सेटिंग त्याने अजून नीट करायला हवं होतं. लेस्टर पाण्याची बाटली घेऊन मागे उभा होता. त्यालाही मनातून वाटत होतं, की यातलं कुठलं तरी एक कारण मॅगीने घ्यावं आणि हा विषय मिटावा.

मॅगीने हेल्मेट काढलं, चष्मा पुसला. "नाही," ती म्हणाली. "हारूनचं काम चोख आहे. गाडीही चांगली आहे. सुमय्याने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला हा आवडला म्हणून मी घेतला. निवड माझी चुकली. आता हा काढायचा."

सुमय्याला खरं तर "बघ, मी म्हटलं होतं" म्हणायचा हक्क होता, पण तिने पुढे होऊन मॅगीच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि म्हणाली, "यल्ला, चला, आधी काहीतरी खाऊया."

घरी जाताना लेस्टरने विचारलं, "इतक्या लोकांसमोर बोललीस. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना."

"मग?"

मॅगीने गिअर बदलला. "हे बघ, कधी कधी पेशंटच्या हातात सुई चुकीची लागते. माझ्याही हातून लागते, इतक्या वर्षांनंतरही. मग काय करतो आम्ही? काढतो, बोटाने दाबून धरतो, सॉरी म्हणतो आणि दुसऱ्या जागी लावतो. ती तशीच ठेवून बरोबर लागलीय म्हणत बसलं, तर त्या माणसाचा हात सुजतो. माझ्या तोऱ्यापायी त्याचा हात कशाला सुजवायचा?"

लेस्टर खिडकीबाहेर बघत राहिला. वाळवंटातले दिवे मागे पडत होते. त्याच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने हॉटेलची नोकरी सोडून मनामात स्वतःचं केकचं दुकान काढलं होतं. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत, सगळी कापडाची आणि सोन्याची दुकानं, त्यात हे एक. दुकान वर्षभरही टिकलं नाही. तो पुन्हा हॉटेलात गेला, आणि तेव्हापासून त्या गल्लीत त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. घरात त्या दुकानाचं नाव कधी निघालं नाही. मॅगी त्याची कीव करते, म्हणून बोलत नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"माझ्या दुकानाबद्दल तू कधी काही बोलली नाहीस," तो एकदम म्हणाला.

मॅगीने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "काय बोलायचं होतं? केक चांगले होते. जागा चुकली. कापड घ्यायला आलेली बाई हातात केक घेऊन फिरेल का?"

"एवढंच?"

"एवढंच. तुला काय वाटलं?"

लेस्टरने नुसती मान हलवली. पण घर येईपर्यंत त्याने मॅगीचा गिअरवरचा हात दोनदा उगाचच थोपटला. "चालवू दे रे मला," ती म्हणाली.

काढलेल्या सुपरचार्जरला गिऱ्हाईक बघायचं होतं. पहिल्याच आठवड्यात दोघं येऊन गेले. मॅगी दोघांनाही सुरुवातीलाच सांगायची, "हा उन्हाळ्यात जोर सोडतो. रोज दुपारी गाडी चालवत असाल तर घेऊ नका." दोघांनीही घेतला नाही. हारूनने कपाळावर हात मारला. "सिस्टर, असं कुणी विकतं का?"

तिसरा आला विनीत. पुण्याचा इंजिनिअर, रिफायनरीत नोकरी. तो इंग्रजीत बोलत होता. मॅगी लेस्टरला मराठीत काहीतरी म्हणाली तसा तो चमकला. "आंटी, तुम्ही मराठी?"

"वसईचे आम्ही. तू कुठला?"

"सदाशिव पेठ. म्हणजे आता कोथरूड."

मॅगीने त्यालाही दोष सांगितला, आणि ज्या दुपारी तो ट्रक बाजूने गेला तीही सांगितली. विनीतने सगळं ऐकून घेतलं. त्याची मस्टँग वर्षातले सहा महिने झाकून ठेवलेली असे. चालवायची ती फक्त हिवाळ्यात, शुक्रवारी सकाळी. हवा थंड करायची मोठी यंत्रणा त्याने आधीच बसवून घेतली होती. "मला हाच हवा होता," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, तुम्ही इतकं वाईट सांगितल्यावर आता मला अजिबात भीती नाही. अजून काही वाईट निघणारच नाही." तो घेऊन गेला. तो बसवून घेतल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी गाडी चालवून झाल्यावर त्याने मॅगीला फोन केला, आणि पलीकडून त्याचं बोलणं कमी आणि हसणंच जास्त ऐकू आलं. मॅगीने फोन स्पीकरवर टाकून लेस्टरला ऐकवलं. तिच्या चेहऱ्यावर थोडी हळहळ होती आणि बराच आनंद.

दुसऱ्या वेळी मॅगीने निवडायची तऱ्हाच बदलली. एक फेरी मारून काही ठरवायचं नाही. उकाडा अजून होता तोवरच सुमय्याने एका दिवसापुरत्या गाड्या बदलल्या. मस्टँग ती बँकेत घेऊन गेली आणि मॅगी कमॅरो हॉस्पिटलला. सकाळची गर्दी, दुपारचा उकाडा, वाटेत भाजी घेताना उन्हात उभी राहिलेली गाडी, सगळं झालं. संध्याकाळी किल्ली परत देताना मॅगी म्हणाली, "सुरुवातीला मला चुकल्यासारखं वाटत होतं. पायाखाली तो पहिला धक्का नाही. दुपारी मात्र सकाळसारखीच चालली."

"धक्का आठवत राहील तुला," सुमय्या म्हणाली.

"राहू दे."

हारूनकडे त्या शंखाच्या आकाराचे तीन होते, लहान, मधला आणि मोठा. मोठा घे, इंजिन आतून मजबूत करून देतो, असं हारून म्हणाला. लेस्टरला वाटलं, झालं, आता ही पुन्हा मोहात पडणार. मॅगीने मोठा हातात घेऊन बघितला, बराच वेळ बघितला. मग तिने विचारलं, "इंजिन न उघडता, आहे तसं ठेवून, ते किती सहन करेल?"

"मधला. तोही दाब जरा कमी ठेवून."

"मग मधला. दाब कमी."

"सिस्टर, एवढ्यावर तुम्ही सुमय्याला हरवू शकणार नाही," हारून कळवळून म्हणाला.

"मला उद्या सकाळी ड्यूटीला पण जायचं असतं, हारून."

"खलास, ठरलं," हारून म्हणाला आणि हसत हसत पाने काढायला गेला.

फेब्रुवारीत साखिरला वारा चांगलाच गार होता. मॅगीने तीन धावा घेतल्या. तिसऱ्या धावेची वेळ पहिलीला अगदी चिकटून आली. त्या एका गोष्टीने ती इतकी खूश झाली, की वेळेची छापील चिठ्ठी घेऊन तिने ओळखीच्या नसलेल्या दोन माणसांनाही दाखवली. चौथी सुमय्याबरोबर. लेस्टर कठड्याला धरून उभा होता. हिरवा दिवा लागला. अर्ध्या अंतरापर्यंत दोघी बरोबर, तिथून पुढेही बरोबर, निळी आणि काळी, एकाच दोरीने ओढल्यासारख्या. अगदी शेवटी काळीचं नाक हातभर पुढे निघालं.

लेस्टर धावतच पार्किंगकडे गेला. त्याला वाटलं होतं मॅगी हळहळत असेल. ती तर सुमय्याच्या गाडीमागे उकिडवी बसली होती, अंबाडा सुटलेला, मागच्या टायरवर तळहात ठेवून.

"हे केवढे मऊ आहेत गं," ती सुमय्याला म्हणत होती. "माझे दगडासारखे आहेत. कुठून घेतलेस?"

सुमय्या डोक्याला हात लावून हसत होती. लेस्टरकडे बघून तिने खांदे उडवले.

"लेस्टर," मॅगी मान न वळवता म्हणाली, "जरा तीन कडक चहा आण ना. वेळ लागेल आम्हाला."

लेस्टर चहाच्या गाडीपाशी रांगेत उभा राहिला. पुढचा माणूस कुणाला तरी सांगत होता, ती निळी मस्टँग एक नर्स चालवते म्हणे. लेस्टरने थोडा वेळ कळ काढली. मग त्याला राहवेना.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला.